सडपातळ माणसाची साखर आणि शाळेतले अंडे

'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक छोटेसे टिपण छापून आले होते. सोबत एक फोटो होता. दोन मध्यमवयीन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, दोघेही सडपातळ. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. डॉक्टरी भाषेत दोघेही 'नॉर्मल'. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी इस्पितळात लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन शिरणे, अशी थट्टाही त्या दोघांनी स्वतःच तिथे केली होती. दोघांच्याही आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर वाय, म्हणून हे टिपण 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने जगभर ओळखले जाते.

थट्टा बाजूला ठेवली तर त्या फोटोत आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'शुगर' हा अजूनही पोट सुटलेल्या, बसून खाणाऱ्या, चार पैसे बाळगून असलेल्या माणसाचा आजार समजला जातो. हमाली करणारा, कापसाच्या गाड्या भरणारा, चाळिशीतला हडकुळा माणूस 'मला कशाची शुगर?' म्हणतो आणि पायाची जखम तीन महिने भरली नाही की मग तपासायला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. हे सगळे श्रीमंत आणि लठ्ठ असणे शक्य नाही. मग या देशातल्या बारीक माणसाला साखर का होते? याज्ञिकांनी आपले आयुष्य या प्रश्नाला दिले. त्यांनी काढलेले उत्तर माझ्यासारख्या शिक्षकाच्या वर्गापर्यंत येऊन पोचते, म्हणून हा लेख.

याज्ञिक पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी. पुढे ऑक्सफर्डला मधुमेहावर संशोधन केले आणि परत पुण्याला आले. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात मधुमेह विभाग उभा केला. (मुंबईचे केईएम वेगळे, हे पुण्याचे.) पुस्तकातला मधुमेही वयस्क आणि जाड असे. याज्ञिकांसमोर येणारा रुग्ण मात्र तरुण आणि बारीक होता. असे दिसल्यावर एखाद्याने पुस्तक खरे मानून रुग्णालाच अपवाद ठरवले असते. याज्ञिकांनी रुग्ण खरा मानला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे संशोधक एक विलक्षण गोष्ट सांगू लागले होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून जन्मलेल्या बाळांची वजने सुईणींनी आणि आरोग्यसेविकांनी वह्यांत लिहून ठेवली होती. बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि ती बाळे साठीची झाल्यावर कशाने आजारी पडली, कशाने मेली ते पाहिले. जन्मतः ज्यांचे वजन कमी, त्यांच्यात पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त. म्हणजे म्हातारपणच्या आजाराचे बी आईच्या पोटात पेरले जाते, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळांनी हसण्यावारी नेले. बार्कर १९९१ मध्ये पुण्याला आले, याज्ञिकांशी गाठ पडली, आणि बार्कर यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साथीने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली एक काम सुरू झाले. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' हे त्याचे नाव.

शिक्षक म्हणून मला या कामातले सगळ्यात जास्त काही आवडले असेल तर ते त्यांचे रजिस्टर. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. मूल केव्हा आले, केव्हा गेले, जन्मतारीख काय, एवढे त्यात कळते. मधल्या वर्षांत त्याचे काय झाले ते कळत नाही. या मंडळींनी २,४६६ विवाहित बाईंची नावे नोंदवली, त्यांच्या पाळीची दर महिन्याला घरी जाऊन विचारपूस केली, म्हणजे दिवस राहिले की लगेच कळावे. बाईचे वजन गरोदर राहायच्या आधीच मोजलेले होते. ही गोष्ट साधी वाटते, पण आपल्याकडे बाईचे पहिले वजन होते तेच मुळी चौथ्या-पाचव्या महिन्यात, कार्ड काढताना. गरोदरपणी ती काय खाते, किती पाणी वाहते, शेतात किती वाकते, रक्तात काय आहे, सगळे लिहून ठेवले. मग बाळाचे वजन, दंडाचा घेर, पोटाचा घेर, पाठीवरच्या कातडीची जाडी. आणि मग त्या बाळांचा पाठलाग. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी. ती बाळे आज तिशीला आली, त्यांतल्या मुलींना मुले झाली, आणि तीही मोजली गेली. एकाच कुटुंबाच्या पिढ्यांमागून पिढ्या एकाच वहीत! आपल्याकडे संशोधन म्हणजे पदवीसाठी लिहायचा प्रबंध अशी समजूत आहे. तीस वर्षे त्याच सहा गावांच्या पायऱ्या चढणे, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी शोधून काढणे, तिच्या सासरच्यांना पटवणे याला मी संशोधन म्हणतो. आणि ते एकट्या डॉक्टरचे नसते. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे ते तेवढेच आहे.

काय दिसले? त्या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंच आणि साधारण ४२ किलो वजनाच्या होत्या. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली बाळे ३.५ किलोची. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. पुण्याकडच्या बाळाचा दंड बारीक, पोटाचा घेर लहान, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव लहान. पण पाठीच्या वरच्या भागात कातडीखालची चरबी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. बारीक दिसणारे हे बाळ आतून चरबी राखून जन्माला आले होते. लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा नाळेच्या रक्तातले इन्सुलिनही पुण्याच्या बाळांत जास्त निघाले. याज्ञिकांनी या बाळाला 'थिन-फॅट' असे नाव दिले. मराठीत 'बारीक-चरबीदार' म्हणावे लागेल, ऐकायला विचित्र वाटते खरे.

याचा अर्थ मी माझ्या परीने असा लावतो. घरात ओढगस्त असली की आपण काय करतो? चूल चालू ठेवतो, नवीन खोली बांधत नाही. पोटातले बाळही तेच करत असावे. मेंदू जमेल तितका सांभाळायचा, अडीअडचणीला चरबीचा साठा ठेवायचा, आणि कपात करायची ती स्नायूंत, यकृतात, मूत्रपिंडात, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात. दुष्काळात जगण्यासाठी हा शहाणपणाचा व्यवहार. पण हेच मूल मोठे होऊन दुकानात बसायला लागले, दिवसाला सहा कप गोड चहा आणि बेकरीचा माल खाऊ लागले, की एवढ्याशा स्वादुपिंडावर मोठ्या घराचा बोजा पडतो.

आता अठराव्या वर्षाचे आकडे ऐका. त्या मुलांपैकी सहाशेहून अधिक जणांची साखरेची चाचणी केली. मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांच्या रक्तातली साखर नीट पचत नव्हती. बहुतेक जण अजून मधुमेही नव्हते, उंबरठ्यावर होते. आणि याच मुलांपैकी ४८ टक्के वजनाने कमी, म्हणजे सरळ भाषेत कुपोषित. अठरा वर्षांचा, खेड्यात राहणारा, किडकिडीत पोरगा, आणि साखर बिघडलेली! आमच्या पुसद-दिग्रसच्या पानटपरीवर उभ्या असलेल्या पोरांकडे पाहून कुणाला तरी ही शंका येईल काय? एवढ्या आकड्यांवर तरी 'जाड माणसाचा आजार' ही म्हण आपण सोडायला हवी.

बी-१२ ची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण आपल्या स्वयंपाकघराशी तिचाच संबंध जास्त आहे.

अभ्यासातल्या आयांपैकी ज्या हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेत त्यांची बाळे वजनदार होती. एकूण किती खाल्ले याचा तेवढा संबंध दिसला नाही, काय खाल्ले याचा दिसला. ज्यांचे वजन चाळीस किलोच्या आत, त्यांच्यात पालेभाजीचा फरक सर्वांत ठळक होता. आमच्याकडे आंबाडी, चिवळ, तरोटा अशा भाज्या बांधावर फुकट मिळतात, आणि आजकाल त्यांना गरिबीची खूण समजून आम्ही बटाटा आणतो. असो. पालेभाजीत फॉलेट असते. त्यामुळे या आयांच्या रक्तात फॉलेट भरपूर होते, फक्त एका बाईत ते कमी निघाले. पण फॉलेटचा जोडीदार बी-१२, तो मात्र दोन तृतीयांश आयांत कमी. शरीरात नवीन पेशी घडवायच्या तर या दोघांना बरोबरीने राबावे लागते, एक गवंडी आणि एक बिगारी असल्यासारखे. एक हजर आणि एक गैरहजर असेल तर भिंत वाकडी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की आईच्या रक्तात फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती.

इथे एक सावधगिरी. कुणी असे ऐकून गरोदर सुनेची फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू नये. त्या गोळीने बाळाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टळतात, हे पक्के सिद्ध झालेले आहे. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही, हे याज्ञिकांनाही ठाऊक होते. म्हणूनच २०१२ पासून त्यांनी त्याच गावांत, त्याच अभ्यासातल्या, आता किशोरवयात आलेल्या मुलामुलींना प्रत्यक्ष बी-१२ देऊन पाहिले. मात्रा रोज २ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण दिवसाच्या गरजेइतकीच. 'प्रिया' हे त्या प्रयोगाचे नाव. पुढे त्या मुलींची लग्ने झाली, बाळे झाली. ती बाळे दोन-तीन वर्षांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली, तेव्हा ज्या आयांना बी-१२ मिळाले होते त्यांची मुले आकलनात आणि भाषेत पुढे दिसली. चाचणी झालेल्या मुलांची संख्या मोठी नव्हती, त्यामुळे यावर आकाश बांधू नये. पण भाषा शिकवणाऱ्या माणसाने हे वाचले की तो थबकतो. पहिलीत येणाऱ्या ज्या मुलाला उर्दूचा 'अलिफ' आणि मराठीचा 'अ' दोन्ही जड जातात, त्याला आम्ही 'लक्ष नाही' म्हणतो, घरचे 'डोके नाही' म्हणतात. आईच्या रक्तात काय होते, हे आम्ही कधी विचारले?

बी-१२ कशात असते? दूध, दही, अंडी, मासे, मांस, कलेजी. कोणत्याही पालेभाजीत, डाळीत, ज्वारीत ते नसते. इथे आपले मुस्लिम वाचक खुर्चीत मागे टेकून बसतील. आम्ही तर गोश्त खाणारे, आमचा याच्याशी काय संबंध? पुण्याच्या आसपासच्या साडेचारशेच्या घरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असण्याचा धोका ४.४ पट निघाला, हे खरे. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के पुरुषांत ते कमी होते, हेही खरे. पण एकूण सगळे धरून ६७ टक्के पुरुषांत कमी होते, आणि ते सगळे काही शाकाहारी नव्हते. मांस खाणारे घर आणि रोज मांस शिजणारे घर यांत फरक आहे. आपल्या वस्तीतले बहुतेक संसार जुम्याला किंवा पाहुणा आला तरच अर्धा किलो आणणारे. त्या अर्ध्या किलोत सहा माणसे. देगचीतले तुकडे दस्तरखानावर आधी अब्बांच्या ताटात, मग कमावत्या मुलाच्या, मग पाहुण्याच्या. अम्मी आणि मोठी मुलगी सालनात रोटी बुडवून उठतात. घर मांसाहारी आणि घरातली बाई नावापुरती मांसाहारी, असे किती घरांत आहे ते ज्याने त्याने मोजावे. दुधाचेही तेच. दूध चहाला. उरले तर लहान मुलाला.

त्यात २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळू यांची कत्तल बंद झाली. म्हशीचे मांस कायद्याने चालते, पण रस्त्यात गाडी अडवली जाईल ही भीती आणि वाढलेला भाव या दोहोंनी गरीब घरातले स्वस्त मांस आटले. त्यावरचे राजकारण सगळे बोलतात. गरोदर बाईच्या ताटातून काय गेले, यावर बोलणारा मला फारसा भेटला नाही. आमच्या जमातीतलेही हक्काची भाषा करतात ती कसायाच्या धंद्याची आणि हॉटेलची.

घरातली आणखी एक गोष्ट. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजे पुढे ढकलण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. ती तिला सासरी मिळते का, हा वेगळा प्रश्न. 'आम्ही नाही का ठेवले?' असे विचारणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची स्वतःची हाडे चाळिशीतच वाजत होती.

मात्र हे सगळे वाचून 'आईने नीट खाल्ले नाही म्हणून पोराला साखर झाली' असा नवा आरोप बाईच्या माथी येणार असेल, तर हे संशोधन न वाचलेले बरे. पुण्याच्याच अभ्यासात असेही दिसले होते की गरोदरपणी पाणी वाहणे, शेतातले कष्ट जास्त, तिथे बाळ लहान. आमच्याकडे वेचणीच्या हंगामात सातव्या महिन्याची बाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचते. तिला कुणी सुट्टी देत नाही आणि तिलाही त्या मजुरीवाचून परवडत नाही. ती ४२ किलोची का आहे, याचे उत्तर तिच्या बालपणात आहे आणि तिच्या आईच्याही बालपणात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी. नववीत शाळा सोडून निकाह झालेली मुलगी सतराव्या वर्षी आई होते तेव्हा तिचे स्वतःचे शरीरही अजून वाढत असते. एका ताटात दोन वाढणारी शरीरे!

म्हणून माझे म्हणणे असे की गरोदरपणाची वाट पाहू नये. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलिन फॉल यांनी एक प्रयोग केला. बायांना दिवस राहायच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला रोजचा नाश्ता दिला. बाळाच्या वजनात एकूण फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी तो सुरू केला होता, त्यांची बाळे थोडी वजनदार झाली. आणि नाश्ता घेणाऱ्या बायांत गरोदरपणात होणारा मधुमेह जवळजवळ निम्म्यावर आला: १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्के. म्हणजे काम आधी सुरू करावे लागते. आधी म्हणजे केव्हा? मुलगी माझ्या वर्गात बसलेली असते तेव्हा.

आणि तिथे आपण काय करतो आहोत? दर आठवड्याला शाळेत मोठ्या वर्गांना निळी गोळी वाटली जाते. लोह आणि फॉलिक अॅसिडची. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून निम्म्या मुली ती जिभेखाली धरून बाहेर जाऊन थुंकतात. जेवणानंतर, समोर उभे राहून दिली तर घेतात, एवढे आम्ही शिकलो आहोत. पण त्या गोळीत बी-१२ नाही. ज्या देशात फॉलेटपेक्षा बी-१२ चाच दुष्काळ मोठा, तिथे आपण एकट्या गवंड्याला पाठवतो आहोत आणि बिगारी घरीच बसवला आहे. दोन मायक्रोग्रॅम बी-१२ त्याच गोळीत घालायला फार मोठा खर्च येईल, असे मला वाटत नाही. हे सरकारी समित्यांपुढे मांडायला हवे, आणि ते मांडणारे आवाज फक्त पुण्याचे असू नयेत, विदर्भातूनही जायला हवेत. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या आदिवासी, बंजारा, मुस्लिम, दलित वस्त्यांतल्या किशोरवयीन मुलींच्या रक्तात बी-१२ किती, हे तिथून मोजले जावे. पुण्याजवळची सहा गावे आमची नाहीत. कापूस, उन्हाळा, ताट, सगळे वेगळे. आमची वही आमच्याच जिल्ह्यात लिहिली गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट अंड्याची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे किंवा फळ. त्या दिवशी हजेरी कशी वाढते ते कोणत्याही जिल्हा परिषद शिक्षकाला विचारा. मग काही संघटनांनी नापसंती दाखवली, वाद झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितले की अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, हवे तर लोकसहभागातून द्या. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असते, शिवाय चांगले प्रथिन. आठवड्याला एक अंडे म्हणजे फार काही नाही, हे मी मान्य करतो. खरे तर रोज हवे. पण जे थोडे होते तेही काढून घेणे आणि वर मधुमेह दिनाला शाळेतून फेरी काढायला लावणे, हा व्यवहार मला कळत नाही. ज्यांना अंडे नको त्यांच्या मुलांना दूध द्या, केळे द्या. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवायलाच हवा. पण एकाच्या श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या पोराच्या ताटातले अंडे उचलायचे, हा मान कसा?

तपासणीबद्दल एक शेवटची सूचना, मोठ्यांसाठी. घरात कुणी साखरेसाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिनची गोळी घेत असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर ते 'शुगरचेच' म्हणून सोडू नका. त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकते. डॉक्टरांना विचारून एकदा तपासून घ्या. आणि कलेजीत बी-१२ सर्वांत जास्त असते म्हणून गरोदर बाईला भरमसाठ खाऊ घालू नका, त्यात अ जीवनसत्त्वही फार असते आणि ते पोटातल्या बाळाला जास्त झाले तर अपाय करते. तिला रोजचे दूध-दही, एक अंडे, जमेल तेव्हा मासा, आणि सर्वांबरोबर, सर्वांइतके ताट.

सरकारकडे अंड्याचा निधी मागत राहायचे, हे ठरलेलेच. तोवर लोकसहभाग म्हणतात तर लोकसहभाग. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, ठराव त्यांनीच करायचा असतो. शंभर मुलांची शाळा धरा. आठवड्याला एक अंडे, सात रुपयांचे, वर्षाचे तीस आठवडे. एकवीस हजार रुपये होतात. आपल्या मोहल्ल्यात मागच्या जलशाच्या मंडपाला आणि भोंग्यांना किती लागले होते, ते जमातीच्या खजिनदाराला विचारून पाहा.